आधी बारगीर, मग सरदार! घरात गोष्टींचा खेळ सुरू करताय? मग सुरुवात खालून करा

तुमच्याकडे दिवाळीत किल्ला होतो का? आमच्याकडे होतो. बंगळुरूत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. विटा, गोणपाट, नर्सरीतून आणलेली लाल माती आणि वर पेरलेली मोहरी. किल्ल्यावर मांडायची चित्रं मात्र साताऱ्याहून येतात, आईच्या पिशवीतून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

मागच्या दिवाळीत ही चित्रं मांडायला एक नवा गडी होता. माझा भाचा, वय ११. भाऊजींची बदली झाली आणि सप्टेंबरमध्ये ताईचं बिऱ्हाड इथे आलं. साताऱ्याच्या मराठी शाळेत वर्गभर बडबडणारा हा मुलगा इथे आल्यापासून गप्प झाला होता. वर्गात इंग्रजी, मैदानावर कन्नड, बसमध्ये हिंदी. रोज घरी आला की दप्तर टाकून आधी घटाघटा पाणी प्यायचा. ताईने एकदा बाटली उघडून बघितली, तर कोरडी ठणठणीत.

"शाळेत पाणी भरत नाहीस का रे?"

"तिथल्या काकू कन्नडमध्ये काहीतरी विचारतात. मला उत्तर देता येत नाही. मग सगळे माझ्याकडे बघतात."

ताईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मला काय बोलावं ते सुचलं नाही. दिवाळीत सगळे माझ्याकडे जमले, तेव्हा एका खेळाने थोडी वाट दाखवली. पण आधी तोच खेळ मी चुकीचा खेळले. दोन्ही सांगते, म्हणजे तुमची एक संध्याकाळ वाचेल.

राजा केला आणि खेळ बसला

त्या संध्याकाळी पाऊस होता आणि लाईट गेली होती. कॉलेजात असताना मैत्रिणींकडून मी एक खेळ शिकले होते. रोलप्लेइंग गेम म्हणतात त्याला. आपण त्याला गोष्टींचा खेळ म्हणू. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. सांगणारा प्रसंग उभा करतो आणि विचारतो, "आता तू काय करशील?" ज्याने त्याने आपल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. या प्रकारातला पहिला प्रसिद्ध खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन मित्रांनी तो १९७४ मध्ये आणला. भातुकली किंवा चोर-पोलीस खेळलेल्या आपल्यासारख्यांना त्यात अवघड काहीच नाही.

मला वाटलं, मुलाला खूश करू. म्हणून मी त्याला थेट राजा केलं. शेजारची दहा वर्षांची कन्नड मुलगी खेळायला आली होती, ती राणी. भाऊजी सेनापती, आई प्रधान.

"राजे, तुमच्याकडे दहा हजार फौज आहे, भरलेला खजिना आहे. शत्रू सीमेवर आलाय. काय करायचं?"

भाचा माझ्याकडे बघत राहिला. "मला काय माहीत?"

राणीने लगेच तीन राज्यांवर हल्ला जाहीर केला. भाऊजींनी सगळ्यांना हुकूम सोडायला सुरुवात केली, "तू असं कर, तू तिकडे जा." आई म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही, मी चकल्या बघते." दहा मिनिटांत राजाच्या हातात फोन होता आणि खेळ संपला होता.

रात्री विचार करताना लक्षात आलं. राजाला सगळं माहीत असावं लागतं. राज्य कसलं, शत्रू कोण, पैसे किती, वाट कुठली. नवख्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. आणि राजाने "मला कळलं नाही" म्हणायचं नसतं. शाळेत रोज जे होत होतं, तेच मी त्याला घरी खेळ म्हणून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खालून सुरू केलं

सकाळी मी सिंहासनावरचं चित्र किल्ल्यावर तसंच ठेवलं आणि बाकीची टोपलीत घालून पुढे केली. "यातलं एक उचल. तो तू."

त्याने घोड्यावरचा एक मावळा घेतला. घोड्याचा एक पाय तुटलेला होता.

"हा बारगीर. नवा आहे, आठच दिवस झालेत भरती होऊन," मी म्हटलं. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो स्वार. स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. शिवाजी महाराजांच्या घोडदळात २५ स्वारांवर एक हवालदार असे. पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी म्हणजे पाणी आणणारा आणि एक नालबंद असे. बघा, खेळातल्या भूमिका आपल्याच इतिहासात तयार आहेत.

शेजारची मुलगी झाली पखालजी, याच गावची, गल्ल्या पाठ असलेली. आई नालबंद. भाऊजींना मी म्हातारा बारगीर केलं. पाय मुरगळलेला, त्यामुळे तळ सोडून कुठे जाता येत नाही. त्यांच्यासाठी एकच नियम: कोणी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.

गोष्ट ठेवली शहाजीराजांच्या काळातल्या बंगळुरूत. स्वारांची उतरंड नंतरच्या काळातली, पण खेळापुरती उसनी घेतली. केंपेगौडांनी वसवलेलं हे गाव १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेने घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. आजही मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांचा १६६९ चा दानलेख आहे. शहाजीराजांच्या दरबारी जयराम पिंड्ये नावाचा कवी होता. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू'त अनेक भाषांमधली रचना आहे. म्हणजे एका गावात चार भाषा कानावर पडण्याची बंगळुरूची सवय जुनीच म्हणायची!

मी सुरुवात केली. "तुमची २५ घोड्यांची तुकडी आजच वेशीबाहेर येऊन थांबली आहे. घोडी तहानलेली आहेत. हवालदार म्हणतात, दिवस मावळायच्या आत सगळ्यांना पाणी पाजा. मी वर्दी द्यायला किल्ल्यात जातो. आणि ते निघून जातात. आता काय कराल?"

भाच्याने थोडा वेळ घेतला. मग पखालजीकडे वळून मोडक्या हिंदीत विचारलं, "पानी किधर है?"

"धर्मांबुधी केरे," ती म्हणाली. केरे म्हणजे तलाव. मी मध्येच सांगितलं की आज जिथे मॅजेस्टिकचा बसस्टँड आहे, तिथेच हा तलाव होता. "म्हणजे आपण साताऱ्याच्या बसमधून उतरलो ते तलावात?" त्याने विचारलं. तेव्हापासून तो खेळात होता.

तलावावर राखणदार. मी कन्नडमध्ये दरडावलं, "नीवु यारु?"

भाचा थबकला. टेबलाशी सगळे गप्प. भाऊजींच्या तोंडात उत्तर आलं होतं, पण ताईने त्यांचा हात दाबला. मग त्याने हळूच पखालजीला विचारलं, "ये क्या बोला?"

"तुम कौन हो, पूछा."

"पानी दो, ऐसा कन्नड में कैसे बोलते?"

"स्वल्प नीरु कोडी."

तो राखणदाराकडे, म्हणजे माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "स्वल्प नीरु कोडी." फासा टाकला, चार पडले. म्हणजे जमलं, पण पुरतं नाही. राखणदार म्हणाला, घोडी तलावात उतरवायची नाहीत, पखालीने पाणी न्या. त्यात वेळ जाणार. मग कुठल्या घोड्यांना आधी? त्याने नालबंदाला, म्हणजे आजीला विचारलं, कुणाचे पाय दुखतायत. चकल्या विसरून आजीने सात घोड्यांची नावं सांगितली. सगळी नावं तिच्या लहानपणीच्या म्हशींची होती.

अंधार पडला तेव्हा २१ घोडी पाणी प्यायली होती, चार राहिली होती. हवालदार परत आले. "झालं का काम?"

"चार राहिली," तो म्हणाला. "उद्या पहाटे त्यांना पहिल्यांदा पाजतो."

हवालदारांनी मान डोलावली आणि सांगितलं, उद्यापासून तलावावर बोलायचं काम याचं.

हे का जमतं?

पहिलं कारण, हाताखालच्या माणसाला विचारायची मुभा असते. नव्या बारगिराने "हे काय?" विचारणं अगदी स्वाभाविक आहे. खेळणाऱ्याचं अज्ञान आणि पात्राचं अज्ञान एकच होतं, त्यामुळे कुणाला लाज वाटत नाही. उलट प्रत्येक प्रश्नामुळे गोष्ट पुढे सरकते.

दुसरं, काम आटोक्यातलं असतं. "राज्य वाचव" म्हटलं की सुचत नाही. "२५ घोड्यांना पाणी पाज" म्हटलं की आजीलाही सुचतं.

तिसरं, चूक परवडते. राजाची चूक म्हणजे राज्य गेलं. बारगिराची चूक म्हणजे चार घोडी सकाळपर्यंत तहानलेली.

आणि चौथं, वर चढायला जागा राहते. पहिल्याच दिवशी सिंहासनावर बसलेल्याला पुढे कुठे जायचं?

खेळ बनवणाऱ्यांनीही हे ओळखलं आहे. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 'पेनड्रॅगन' (१९८५) मध्ये खेळाडू आर्थर राजा होत नाहीत. त्याच्या काळातले नवखे सरदार होतात आणि आर्थर आपल्या जागी दूर राहतो. 'आर्स मॅजिका' (१९८७) मध्ये मोठे जादूगार असतात आणि त्यांचे पहारेकरी, नोकरचाकरही असतात. खेळाडू आळीपाळीने दोन्हीकडून खेळतात. 'माऊस गार्ड' (२००८) मध्ये तर सगळे उंदीर, आणि सगळ्यात लहान शिकाऊ उंदराला शिकवायला एक अनुभवी उंदीर असतो.

आपल्याकडे तर खरी उदाहरणं आहेत. शहाजीराजांनी निजामशाहीत मलिक अंबरच्या काळात तलवार गाजवली, मग त्यांचं स्वतःचं नाव झालं. शिवाजी महाराजांनी पुणे जहागिरीचा कारभार हाती घेतला तो वडिलांच्या नावाखाली, त्यांनी दिलेल्या जाणत्या कारभाऱ्यांसह. मल्हारराव होळकर आधी कदम बांड्यांच्या पागेत होते, पुढे इंदूरच्या घराण्याचे संस्थापक झाले.

मला स्वतःला हे नोकरीत कळलं. बंगळुरूत पहिल्या नोकरीला लागले तेव्हा पहिले तीन महिने मी एका सीनियर ताईच्या हाताखाली फक्त फोटोंखालच्या ओळी तपासायचे. तेव्हा कमीपणा वाटायचा. आज वाटतं, त्या तीन महिन्यांत मी जितके बावळट प्रश्न विचारले, तितके नंतर कधीच विचारता आले नसते.

साहेबाने वेळेवर निघून जावं

आता या युक्तीतला धोका. मोठा माणूस गोष्टीत आणला की सगळी कामं तोच करू लागतो. मुलं अडली की हवालदार येतो, तलवार उपसतो, प्रश्न सुटतो. मग मुलं नुसती प्रेक्षक. म्हणून लक्षात ठेवा: वरिष्ठाने हुकूम द्यायचा, एखादी उपयोगी वस्तू किंवा माहिती द्यायची आणि निघून जायचं. परत यायचं ते काम संपल्यावर. निर्णयाच्या क्षणी तो जवळ नको.

वरिष्ठ खवट किंवा ओरडणाराही नको. चूक झाली की त्याने विचारावं, "आता पुढे काय करणार?" घरात, शाळेत ओरडा खाणाऱ्या मुलाला खेळातही तेच मिळालं तर तो परत बसणार नाही.

भूमिका देताना आपल्याही सवयी तपासा. मुलीला दरवेळी दासी आणि मुलाला दरवेळी स्वार, असं नकळत होतं. टोपलीतून ज्याला हवं ते चित्र उचलू द्या.

हुकूम पाळणं म्हणजेच सगळं, असंही मुलांच्या मनात बसायला नको. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत एक चुकीचा हुकूम येऊ द्या. समजा, एखादा चिडका जुमलेदार म्हणतो, "शेतातून वैरण उचलून आणा, पैसे द्यायची गरज नाही." काय करतील मुलं? इथे त्यांना शिवाजी महाराजांचं एक प्रसिद्ध पत्र सांगा. चिपळूण भागातल्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना महाराजांनी बजावलं होतं की रयतेला त्रास द्यायचा नाही, दाणा-वैरण-भाजी बाजारातून विकत घ्यायची. त्याच पत्रात त्यांनी हेही बजावलं होतं की रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. या एका उंदरावर तुमची अख्खी संध्याकाळ रंगेल!

आणखी एक गोष्ट. महाराजांना किंवा शहाजीराजांना खेळात बोलायला लावू नका. त्यांच्या तोंडी वाक्यं घालताना मोठीही अवघडतात. ते किल्ल्यात आहेत, त्यांचा निरोप येतो, एवढं पुरे. तुमचा हवालदार मात्र कल्पनेतला ठेवा, म्हणजे त्याला हवं तसं बोलवता येईल.

आज रात्रीच खेळायचं असेल तर

एक फासा शोधा, ल्युडोचा किंवा सापशिडीचा चालेल. १ किंवा २ पडले तर काम फसतं आणि नवी अडचण येते. ३ किंवा ४ पडले तर काम होतं, पण काहीतरी द्यावं लागतं. ५ किंवा ६ पडले तर छान जमतं.

प्रत्येकाला एक काम द्या: बारगीर, पखालजी, नालबंद, दुभाषा, स्वयंपाकी. प्रत्येकाला इतरांपेक्षा एक गोष्ट जास्त माहीत असू द्या, म्हणजे एकमेकांना विचारावंच लागेल.

एक वरिष्ठ ठरवा. त्याचा हुकूम एका वाक्यात बसला पाहिजे आणि त्याला मुदत हवी. "अंधार पडायच्या आत", "पाहुणे यायच्या आत".

इतिहास नको असेल तर जागा बदला. मोठ्या लग्नातल्या आचाऱ्याच्या हाताखालची पोरं, नाटक कंपनीतली पडदा ओढणारी मंडळी, अंतराळयानातले शिकाऊ मेकॅनिक. युक्ती तीच.

घरातल्या अतिउत्साही मोठ्यांना मुरगळलेला पाय द्या. विचारल्याशिवाय सल्ला नाही! भाऊजींना हे पहिल्या दिवशी जड गेलं. तिसऱ्या दिवशी मुलं आपणहून त्यांच्याकडे सल्ला मागायला येऊ लागली, तेव्हा त्यांची कळी खुलली.

खेळ ४०-४५ मिनिटांत थांबवा आणि शेवटी प्रत्येकाला थोडीशी बढती द्या. नवा अधिकार, नवी जबाबदारी, एखादी किल्ली, एखादं घोडं. तीन-चार बैठकींनंतर बारगिराच्या हाताखाली एक नवा पोरगा येऊ द्या. मग बघा, तो त्याला कसा शिकवतो.

आणि बाटली?

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी चमत्कार वगैरे काही झाला नाही. बाटली कोरडीच आली. दुसऱ्या दिवशीही. ताई काही बोलली नाही, मीही नाही. शेजारची मुलगी मात्र संध्याकाळी खाली खेळताना त्याला नवे शब्द शिकवत होती.

त्या आठवड्याच्या शेवटी ताईचा मेसेज आला. फक्त एक फोटो. ओट्यावर ठेवलेली बाटली, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी.

मी फोन केला. "काय रे, कसं जमलं?"

"त्या काकू विचारत होत्या, कुठल्या वर्गात आहेस," तो म्हणाला. "मी पखालजीला विचारून ठेवलं होतं, उत्तर काय द्यायचं ते." मग थोडं थांबून म्हणाला, "मावशी, मी हवालदार कधी होणार?"

यंदाच्या किल्ल्यासाठी आई नवी चित्रं आणणार आहे. तुटक्या पायाचा घोडा मात्र टाकायचा नाही, अशी ताकीद आहे. तुमच्या टोपलीतही अशी चित्रं असतील. या रविवारी ती काढा, फासा शोधा आणि मुलांना विचारा, "हवालदार निघून गेलेत. आता तू काय करशील?"